चोवीस शब्द कुठे ठेवायचे?

(दम्माम येथे मराठी मंडळींच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वस्तातलं हार्डवेअर वॉलेट कोणतं घ्यावं?’ याचं उत्तर मी देणारच आहे. मात्र बिटकॉइन घ्या असं सांगायला मी इथे उभा नाही, हे आधी ऐकून ठेवा. ऑगस्ट २०१८ मध्ये इथल्या सरकारी समितीने जाहीर बजावलं, की आभासी चलनांना सौदी अरेबियात मान्यता नाही आणि त्या धंद्याचा परवाना कोणालाच दिलेला नाही. म्हणजे उद्या काही बुडालं तर दाद मागायला इथे दार नाही. भारतात असताना ज्यांनी थोडंफार घेतलं आणि जे अजून कुठल्या तरी एक्स्चेंजवर पडून आहे, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

पडून असण्याची किंमत १८ जुलै २०२४ ला कळली. मुंबईत उभ्या राहिलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि सामान्य खातेदारांचे पैसे सिंगापूरच्या कोर्टाच्या प्रक्रियेत वर्षाहून जास्त काळ अडकले.

यावरचा उपाय म्हणजे किल्ली स्वतःकडे ठेवणं. हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी नसतात, त्यात ती खर्च करायची गुप्त किल्ली असते. व्यवहार मोबाइलवर तयार होतो, सही या छोट्या यंत्रात होते आणि किल्ली यंत्राबाहेर पडत नाही. सही करण्याआधी रक्कम आणि पत्ता यंत्राच्या पडद्यावर दिसतो. तो वाचायचा, अक्षर न् अक्षर. वझीरएक्सच्या सह्या करणाऱ्यांकडेही हार्डवेअर वॉलेटच होती, असं कंपनीनेच सांगितलं. दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावरच.

आता खरेदी. लेजर या कंपनीचं नॅनो एस प्लस २०२२ मध्ये आणि ट्रेझरचं सेफ ३ हे २०२३ मध्ये बाजारात आलं, दोन्ही ७९ डॉलरला. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, म्हणजे २९६ रियाल. वर १५ टक्के व्हॅट धरला तर ३४० च्या आसपास, कुरिअर वेगळं. किमती खालीवर होतात, पण साधारण एवढ्यात काम भागतं. ब्लूटूथ, रंगीत पडदा, टचस्क्रीन यांचे जास्तीचे पैसे मी तरी मोजणार नाही.

याहून स्वस्त म्हणजे ट्रेझरचं जुनं मॉडेल. पण २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं, की ते यंत्र पंधरा मिनिटं हातात मिळालं तर आतली किल्ली काढता येते. स्वतःचं घर असेल तर ठीक आहे, वर पासफ्रेज, म्हणजे स्वतःचा जादा गुप्त शब्दसमूह, लावा. पण जुबैलच्या कॅम्पात एका खोलीत चार खाटा आणि कपाटाची दुसरी चावी कॅम्प बॉसकडे, तिथे मी ते सुचवणार नाही. कार्डासारखी बिनपडद्याची वॉलेटही मिळतात. त्यात पत्ता मोबाइलच दाखवतो आणि आपल्याला भीती असते ती मोबाइलचीच.

काटकसर कुठे करू नये? विकणाऱ्यात. सुट्टीवर निघालेला कोणी ‘नवंकोरं आहे, निम्म्यात देतो’ म्हणाला तर हात जोडा. २०१८ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश माणसाने ऑनलाइन बाजारातून असंच एक यंत्र घेतलं. सोबत स्क्रॅच कार्डवर किल्ली परत मिळवायचे शब्द तयार छापलेले होते. त्या बिचाऱ्याने ते वापरले आणि सगळी शिल्लक गेली. शब्द आधीच तयार मिळाले, तर ते विकणाऱ्याचे असतात. यंत्राने ते आपल्यासमोर, आपल्या हातात असताना तयार केले पाहिजेत.

आता खरा मुद्दा. यंत्र एकेक करून शब्द दाखवतं, कधी बारा, कधी चोवीस, आणि आपण ते लिहून घेतो. यंत्र हरवलं, फुटलं, लेजरमध्ये पिन लागोपाठ तीनदा चुकला म्हणून पुसलं गेलं, तरी नवीन यंत्रात हे शब्द घातले की सगळं परत. शब्द गेले आणि यंत्रही गेलं, तर जगात कोणी काही करू शकत नाही. म्हणून फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत आणि कागद लॅमिनेट करायला कुठल्या दुकानात तर मुळीच द्यायचा नाही.

इथे बसलेल्या फॅब्रिकेशनवाल्यांना माझ्यापेक्षा चांगला उपाय ठाऊक आहे. स्पूलवर हीट नंबर मारायचा तो लेटर पंच घ्या आणि स्टेनलेसची एक पट्टी. २०४८ इंग्रजी शब्दांची जी ठरावीक यादी आहे, तीत पहिल्या चार अक्षरांवरून शब्द नक्की ओळखू येतो. म्हणजे चोवीस शब्दांना फार तर शहाण्णव ठोके, आणि अनुक्रम. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर मात्र मारू नका.

पट्टी गावी, यंत्र इथे. खेडला, महाडला, जिथे घर असेल तिथे, आणि ती कशाची आहे हे घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला माहीत हवं. क्वाड्रिगा नावाच्या कॅनडाच्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपुरात वारला. किल्ल्या फक्त त्याच्याकडेच होत्या, असं सांगण्यात आलं. पुढे चौकशीत निघालं, की बहुतेक पैसा त्याने आधीच घालवला होता. तो लबाड होता, पण किल्लीचं गुपित एकट्यानेच ठेवण्याची खोड प्रामाणिक माणसांनाही असते. परदेशात माणूस गेला की घरचे कागदपत्रांच्या मागे धावतात. पट्टीचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पुढच्या सुट्टीत हे करा. यंत्रावर अगदी किरकोळ रक्कम ठेवा. घरी गेल्यावर यंत्र पुसून टाका आणि ज्याला सांगितलंय त्याच्या हातात पट्टी देऊन शब्द त्यालाच घालायला लावा, आपण फक्त बघायचं. शिल्लक परत दिसली तरच बाकीची रक्कम हलवा. आणि त्याला एखादं अक्षर नीट लागलं नाही, तर नवीन पट्टी ठोका.