दादरला न उतरता

सुट्टीच्या दिवशीही सातच्या आत घर सोडून आलेल्या रसिकहो,

मुलुंडमध्ये आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत. ठरल्या वेळेपेक्षा आपण उशिरा सुरुवात करतो आहोत. भांडुप, नाहूर, ठाण्याची मंडळी वेळेआधीच आली. त्यांचा चहा झाला, पुस्तकांच्या स्टॉलवर एक फेरीही झाली. वाट पाहत होतो ती बोरिवली, कांदिवली आणि अंधेरीहून येणाऱ्यांची. ते आत्ता स्थानापन्न झाले आहेत, काही जण अजून घाम पुसताहेत. त्यांच्यासाठी पंख्याखालच्या खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. मुलुंडकरांनी कृपया त्यांवर रुमाल टाकू नयेत.

स्वागताध्यक्षाने गावाचा इतिहास सांगावा, ग्रामदैवताला वंदन करावं, गावातल्या थोरांची नामावळी वाचावी आणि शेवटी व्यवस्थेतली उणीव गोड मानून घ्या म्हणावं, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी त्यातली उणीव तेवढी ठेवतो. बाकीचा वेळ तुम्ही इथवर कसे आलात, त्याबद्दल बोलतो.

नकाशावर बोरिवली आणि मुलुंड या दोन स्टेशनांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती बारा किलोमीटरांच्या आसपास भरते. मध्ये आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं. लोकलने यायचं तर बोरिवलीहून दादरपर्यंत खाली जायचं, पूल चढायचा, उतरायचा, आणि दादरहून पुन्हा मुलुंडपर्यंत वर यायचं. हा प्रवास पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास जातो. रस्त्याने यायचं तर उत्तरेकडून घोडबंदरचा वळसा, नाहीतर दक्षिणेकडून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. तिथे कुठल्या वेळी किती तास लागतील हे सांगायला ज्योतिषीही धजणार नाही. डोंगर सरळ ओलांडून ये-जा करणारा एकच उपनगरवासी मला ठाऊक आहे, तो म्हणजे बिबट्या. त्याला दादरला उतरावं लागत नाही.

आपली मुंबई उभी बांधली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली ती जीआयपी कंपनीची. पश्चिमेकडची उपनगरी गाडी १८६७ साली आली ती बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीची. कंपन्या दोन, भागधारक वेगळे, पण नजर एकाच दिशेला: दक्षिणेच्या बंदराकडे. कापूस तिकडे जायचा, पुढे कारकून तिकडे जाऊ लागले. विहार तलावाचं पाणीसुद्धा १८६० पासून दक्षिणेच्याच वाटेला लागलं. चिमट्याची दोन पाती खाली जुळावीत तसे हे दोन लोहमार्ग दादरपाशी एकमेकांजवळ येतात, आणि आपण सगळे त्या पात्यांच्या वरच्या टोकांवर राहतो.

१९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत उपनगरं महापालिकेच्या हद्दीत आली. १ ऑक्टोबर १९९० पासून मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. म्हणजे कागदावर मुलुंडकर आणि बोरिवलीकर एकाच जिल्ह्याचे रहिवासी. जिल्हाधिकारी कार्यालय मात्र वांद्र्याला. एखाद्या दाखल्यासाठी तिकडे निघालेल्या मुलुंडकराला आधी कुर्ल्याला किंवा दादरला उतरावं लागतं. जिल्हा निर्माण करणाऱ्यांनी रेल्वेचा नकाशा समोर ठेवला होता की नाही, याची मला अजूनही शंका आहे.

गंमत अशी की ही अडचण कायमची नव्हती. उद्यानाच्या मध्यावर कान्हेरीची लेणी आहेत. तिथले शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांनी दात्यांची गावं नोंदवून ठेवली आहेत, आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत तसेच सोपाऱ्याचेही. आजच्या भाषेत सांगायचं तर एक सेंट्रलवाला आणि एक वेस्टर्नवाला. दोन हजार वर्षांपूर्वी हे दोघे डोंगरातल्या एकाच विहारासाठी दान देत होते, एकाच टाक्याचं पाणी पीत होते. कल्याण आणि नालासोपारा आज एकमेकांपासून जितके लांब आहेत तितके तेव्हा नव्हते. रूळ आले आणि डोंगर मध्ये उभा राहिला.

याचा खरा भार कोणी वाहिला असेल तर बायकांनी. माहेर वेस्टर्नला आणि सासर सेंट्रलला, अशी लग्नं आपल्या प्रत्येकाच्या घरात झाली आहेत. दिवाळीत फराळाचा डबा, कडेवर मूल, दुसऱ्या हाताला दुसरं मूल, आणि दादरचा तो पूल. खालून फुलबाजाराचा वास, मागून ढकलणारी गर्दी. 'दादरला एक नंबरवर भेट' असं सांगितलं तर 'वेस्टर्नच्या की सेंट्रलच्या?' हा प्रश्न यायचाच, कारण दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जायचे. दोन्हीकडचे फलाट एकाच क्रमाने मोजायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. सेंट्रलचे फलाट आता आठपासून पुढे आहेत. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागली! चर्चगेट ते बोरिवली ही बायकांसाठीची खास लोकल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, त्याचं कौतुक आहेच. पण तीही उभीच धावते. माहेरी आडवं जाणाऱ्या बाईसाठी कोणी काही सुरू केलं नाही.

दरम्यान नोकऱ्यांनी जागा बदलली. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ झालं, शेजारी एमआयडीसी वाढली, मग पवई, मालाड, वांद्रे-कुर्ला संकुल. फोर्टातली कचेरी संपून अंधेरीतली कचेरी सुरू झाली, तरी गाड्या चर्चगेट आणि सीएसएमटीलाच जात राहिल्या. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर भिस्त होती बेस्टच्या ३४० नंबरवर. असल्फा, साकीनाका, मरोळ करत ती आगरकर चौकात पोहोचेपर्यंत उभ्याने एक झोप काढणारी माणसं मी पाहिली आहेत. साकीनाक्याला बस इतका वेळ थांबायची की लोक उतरून वडापाव घेऊन पुन्हा त्याच बसमध्ये चढायचे.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अकरा किलोमीटरांहून थोडी जास्त लांबी, बारा स्थानकं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-बावीस मिनिटं. मुंबईच्या पहिल्याच मेट्रोने आडवं जायचं ठरवलं, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना मी मनोमन नमस्कार करतो. पण तिने दुसरंही एक केलं. डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून अंधेरीला जाणारा सगळा लोंढा घाटकोपरला उतरू लागला. ज्या स्टेशनवर पूर्वी फक्त घाटकोपरकर उतरत, तिथे आता सकाळी जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. आडवी वाट एकच असली की सगळे त्याच वाटेला लागतात. तहान किती होती, हे त्या गर्दीवरून कळतं.

अंधेरीकरांची आणखी एक वेगळी कहाणी आहे. रेल्वेने उपनगरांना एकमेकांपासून तोडलं तसं प्रत्येक उपनगराला पोटातूनही चिरलं: पूर्व आणि पश्चिम. अंधेरीत हे दोन तुकडे गोखले पुलाने जोडलेले. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्या पुलाच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा कळलं की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नाही. मग बर्फीवाला उड्डाणपूल जॅक लावून उचलला, त्याच वर्षी जुलैत दोघांची गाठ पडली, आणि पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात अंधेरी पूर्वेहून पश्चिमेला दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असेल, याची कुठल्याही अहवालात नोंद नाही.

आणि हे सगळं बोलताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, त्यांतले काही घरी परतले नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. आपण हे आकडे वर्तमानपत्राच्या आतल्या पानात वाचतो आणि पुढच्या स्टेशनची घोषणा ऐकतो.

आता कामं जोरात चालली आहेत. अंधेरीच्या स्वामी समर्थनगरहून विक्रोळीकडे येणारी मेट्रो सहा उभी राहते आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता सव्वाबारा किलोमीटरांच्या आसपास, त्यात उद्यानाखालून ४.७ किलोमीटरांचे जुळे बोगदे. ठाणे-बोरिवली बोगद्यांचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. मी या कामांच्या विरोधात नाही. मुलुंडचा माणूस विरोधात असूच शकत नाही. मात्र दोन शंका बोलून दाखवतो. पहिली अशी की बोगदा खोदला जातो तो मोटारींना डोळ्यांसमोर ठेवून. बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांवर गाड्या होत्या. आज भाड्याच्या धरूनही तीन हजार भरत नाहीत, स्वतःच्या मालकीच्या तर काही शेच. मग या बोगद्यातून मुलुंडची शिक्षिका गोरेगावच्या शाळेत कशाने जाणार? दुसरी शंका उद्यानातल्या पाड्यांची. या डोंगरातले मूळ रहिवासी वारली आणि इतर आदिवासी. त्यांच्या कितीतरी पाड्यांना अजून धड रस्ता, वीज, पाणी नाही. त्यांच्या जमिनीखालून आपण काही मिनिटांत निघून जाणार, आणि वर त्यांनी आजारी माणसाला झोळीतून न्यायचं. हे मला तरी पटत नाही.

तुम्ही म्हणाल, साहित्य संमेलनात हे वाहतूक पोलिसाचं भाषण कशासाठी? कारण आपलं लिहिणं-वाचणंही उभंच राहिलं. पु. ल. देशपांड्यांचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत गेलं, मग पार्ल्यात. बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, पार्ल्यात दीनानाथ, मुलुंडमध्ये कालिदास. नाटक तिन्हीकडे तेच लागतं, पण प्रेक्षक एकमेकांना ओळखत नाहीत. बोरिवलीत कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं तर त्याची बातमी मुलुंडला पोहोचते, माणूस पोहोचत नाही. आमच्याकडच्या वाचनालयात पुण्याचे लेखक दर वर्षी येतात. कांदिवलीचा लेखक मला तरी आलेला आठवत नाही. आणि कथा-कादंबऱ्यांतली मुंबई बघा: गिरगाव, परळ, दादर. उपनगर आलं तर रात्री झोपायला येतं. घाटकोपरच्या जिन्यावर, साकीनाक्याच्या सिग्नलला, शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे आपल्या कथेने अजून फारसं विचारलेलं नाही. इथे बसलेल्या तरुण लेखकांनी ते विचारावं, ही माझी मागणी आहे. पुढचं संमेलन बोरिवलीकरांनी भरवावं, अशीही विनंती आहे. आम्ही नक्की येऊ, वेळेची हमी मात्र मागू नका.

स्वागत समितीने एका ठरावाचा मसुदा केला आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता ज्या दिवशी खुला होईल त्याच दिवसापासून त्यावरून बेस्टची साधी बस, साध्या भाड्यात, ठरलेल्या वेळापत्रकाने धावावी, आणि डोंगरातल्या पाड्यांचे रस्ते त्याआधी व्हावेत, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. मसुदा बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. वाचा, दुरुस्त्या सुचवा. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आम्ही आधीच केल्या आहेत. खुल्या अधिवेशनात तो मांडला जाईल.

जेवण दीड वाजता तळमजल्यावर आहे. अळूची भाजी आहे, मसालेभात आहे, जिलेबी आहे. पश्चिम उपनगरांतून आलेल्या ज्येष्ठांसाठी वेगळी पंगत आधी बसेल. शेवटचं सत्र पाचच्या आत संपवण्याचं वचन वक्त्यांकडून घेतलं आहे. आता मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.