ऑपरेशनने काय सुटेल, काय राहील

(मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेवरील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



थेट विषयाला हात घातलेला बरा. दोन दिवसांच्या या परिषदेत स्क्रू कोणता, मणक्यांमध्ये बसवायचा पिंजरा टायटॅनियमचा की पॉलिमरचा, चीर पुढून की मागून, यावर भरपूर चर्चा होईल. ओपीडीत एमआरआयची पिशवी काखोटीला मारून आलेल्या माणसाचे प्रश्न मात्र निराळे असतात. हातातली कळ जाईल का? लकवा तर मारणार नाही ना? शेतात, दुकानात, कारखान्यात परत कधी जाता येईल? या प्रश्नांना नेमके उत्तर देणे हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे, आणि तोच आपल्याकडे सर्वांत घाईत उरकला जातो.

उत्तराची सुरुवात एका फरकापासून होते. मानेत 7 मणके आहेत आणि तिथून मज्जातंतूंच्या 8 जोड्या बाहेर पडतात. झीज बहुधा पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये होते. मणक्यांमधली गादी सरकून किंवा हाड वाढून बाजूची नस दाबली गेली, तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही. हात डोक्यावर ठेवला की काही रुग्णांना बरे वाटते. मधला मज्जारज्जूच दाबला गेला, तर दुखणे अजिबात नसूही शकते. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, सुईत दोरा ओवता येत नाही, पायातली चप्पल नकळत निसटते, अंधारात तोल जातो.

पहिला रुग्ण कळवळून डॉक्टरकडे धावतो. दुसरा ‘वय झाले’ म्हणून घरीच बसतो.

या दुसऱ्या रुग्णाला ओळखण्यात जगभर उशीर होतो. इस्रायलमधल्या 2013 च्या एका अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले, आणि त्यातल्या अनेकांवर आधी मनगटातली नस दबल्याचा शिक्का बसला होता. तालुक्याच्या दवाखान्यात करता येईल अशी एक तपासणी जपानी डॉक्टरांनी 1987 मध्ये मांडली : रुग्णाला 10 सेकंद मूठ भराभर उघडमीट करायला सांगायची. निरोगी माणूस ती 20 वेळा तरी सहज करतो. याला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

एमआरआयवर सगळा भार टाकणेही धोक्याचे. जपानमध्येच 1,211 निरोगी, कोणतीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 87.6 टक्के लोकांच्या गाद्या थोड्याफार फुगलेल्या दिसल्या. ‘मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन लागेल’ हे वाक्य केवळ फिल्म बघून उच्चारले जात असेल, तर या आकड्याची आठवण ठेवायला हवी. नुसती मान दुखते, हातापायात काही नाही, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने आराम पडण्याची खात्री फार थोडी असते. हे त्याला टेबलावर घेण्याआधी सांगायचे असते.

बाजूची नस दबलेल्या बहुतेक रुग्णांची कळ औषधे, व्यायाम आणि थोडा धीर यांच्या बळावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरते. हाताची ताकद उतरत चालली असेल किंवा वेदना सोसवत नसतील, तर हिशेब बदलतो. मज्जारज्जूचे गणित वेगळे. तिथला आजार अनेकदा पायरीपायरीने बळावतो : काही महिने स्थिर, मग अचानक एक घसरण. मध्यम आणि तीव्र अवस्थेत वाट पाहण्याची किंमत रुग्ण मोजतो. सौम्य अवस्थेत बारीक नजर ठेवून थांबता येते, पण ती नजर ठेवायची कोणी आणि किती दिवसांनी, हे कागदावर असले पाहिजे.

आता पर्याय. मानेच्या मणक्यासाठी गळ्याच्या पुढून चीर घेतात हे ऐकून रुग्ण चकित होतो. रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये 1955 साली ही वाट मांडली, तर 1958 मध्ये होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. गळ्याच्या वळीत छोटी चीर, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला, सूक्ष्मदर्शकाखाली खराब गादी काढायची आणि त्या जागी आधार बसवून दोन मणके जुळू द्यायचे. पूर्वी त्यासाठी कमरेचे हाड काढत, आणि कित्येकांना मानेपेक्षा कमरेचीच जखम जास्त दुखे. आता बहुधा पिंजरा आणि पट्टी वापरतात. स्नायू फारसे कापावे लागत नसल्याने रुग्ण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालतो.

जुळलेले मणके हलत नाहीत, तेव्हा शेजारच्यांवर ताण येतो का, हा जुना वाद आहे. हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी 374 रुग्णांचा मागोवा घेऊन 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेजारच्या जागी नवा त्रास सुरू होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे 2.9 टक्के निघाले, म्हणजे दहा वर्षांत साधारण चौघांपैकी एकाला. त्यातला किती भाग शस्त्रक्रियेचा आणि किती वयाच्या झिजेचा, यावर आजही एकमत नाही. हलती कृत्रिम गादी याच शंकेतून पुढे आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेसाठी अशा पहिल्या गादीला 2007 मध्ये मान्यता दिली. निवडक, तुलनेने तरुण रुग्णांत तिचे निकाल चांगले आहेत. हाडे ठिसूळ असतील, मागचे सांधे झिजले असतील किंवा मणके अस्थिर असतील, तर ती योग्य नाही. महाग म्हणजे अधिक चांगली असा समज रुग्णाच्या मनात आपणच तयार होऊ देऊ नये.

मागच्या बाजूने तीन वाटा आहेत. एकाच बाजूची नस मोकळी करायची असेल तर हाडातली खिडकी थोडी रुंद करून भागते, मणके जुळवावे लागत नाहीत. अनेक पातळ्यांवर मज्जारज्जू दबला असेल तर मागची कमान काढून टाकतात. पण नुसती कमान काढलेली मान काही वर्षांत पुढे वाकू शकते, म्हणून अनेकदा सोबत स्क्रू-सळ्या घालाव्या लागतात. तिसरी वाट जपानची. मणक्यामागचा अस्थिबंध हाडासारखा कडक होण्याचा विकार तिथे बराच आढळतो. त्यावर हिराबायाशी यांनी 1977 मध्ये मागची कमान काढून न टाकता बिजागरीवरच्या दारासारखी उघडण्याची पद्धत सुरू केली. मान आधीच पुढे झुकलेली असेल तर मात्र ती निवडत नाहीत.

पुढून की मागून? उत्तर अमेरिकेतील 163 रुग्णांवरचा एक तुलनात्मक प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मज्जारज्जू दबलेल्या या रुग्णांत वर्षभरानंतर शारीरिक क्षमतेत दोन्ही वाटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. गिळायचा त्रास पुढून केलेल्यांत स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे दोन्ही वाटा खुल्या असलेल्या रुग्णात शल्यविशारदाचा हातखंडा आणि रुग्णाचा व्यवसाय या दोन्हींना निर्णयात जागा आहे. गायकाला, कीर्तनकाराला, शिक्षकाला पुढून केल्यास आवाज बसण्याचा धोका अधिक वजनदार ठरतो.

महाराष्ट्राने या क्षेत्रात जगाला दिलेली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. डोके आणि मान यांच्या सांध्याचे जन्मजात दोष भारतीय उपखंडात पुष्कळ दिसतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी पहिले दोन मणके थेट स्क्रू आणि पट्टीने जोडण्याचे तंत्र विकसित केले आणि डॉ. लाहेरी यांच्यासह 1994 मध्ये ते प्रसिद्ध केले. जर्मनीचे युर्गेन हार्म्स यांनी 2001 मध्ये त्याचे सळीवर आधारलेले रूप मांडले. आज पाठ्यपुस्तकांत ते दोघांच्या नावाने ओळखले जाते. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता याच दोन मणक्यांत असते. तिथे जोडकाम झालेल्या माणसाला स्कूटर चालवताना मागे पाहायला सगळे शरीर वळवावे लागणार. हे त्याला ऑपरेशनच्या आधी कळले तर तो ते स्वीकारतो. नंतर कळले तर ती फसवणूक वाटते.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ असाच उलगडून सांगायला हवा. पुढून केलेल्यांना पहिले काही दिवस गिळताना अडखळते, म्हणून पेज, मऊ भात, सूप. आवाज घोगरा होऊ शकतो. हे दोन्ही त्रास बहुतेकांत काही आठवड्यांत कमी होतात. मागून केलेल्यांची मान आणि खांदे जास्त दिवस दुखतात. थोड्या रुग्णांत, मज्जारज्जू मोकळा केल्यावर, खांदा उचलण्याची ताकद अचानक कमी होते. कुटुंब घाबरते, पण बहुतेकांची ताकद काही महिन्यांत परतते. क्वचित घडणारी पण प्राणघातक गोष्ट म्हणजे गळ्यात रक्त साकळून श्वासनलिका दाबली जाणे. गळा फुगतोय, श्वास अडतोय, हे रात्री दोन वाजता सर्वप्रथम परिचारिकेच्या ध्यानात येते. डॉक्टरांची वाट न पाहता टाके उघडण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार तिला आहेत का, हा प्रश्न प्रत्येक विभागाने आजच स्वतःला विचारावा.

बरे होण्याचाही क्रम असतो. नस मोकळी झाल्यावर हातातली कळ बहुधा सर्वांत आधी जाते, काहींची भूल उतरताच. ताकद आठवड्या-महिन्यांनी येते, बधिरपणा सर्वांत रेंगाळतो आणि थोडा कायमही राहू शकतो. मज्जारज्जूच्या रुग्णात पहिले उद्दिष्ट घसरण थांबवणे हे आहे. अनेकांत सुधारणाही होते, आणि 2013 च्याच दुसऱ्या एका बहुकेंद्री अभ्यासात ती सौम्य, मध्यम, तीव्र अशा तिन्ही गटांत दिसली. पण वर्षानुवर्षे दबलेला रज्जू पूर्वीसारखा होईल असे आश्वासन कोणी देऊ नये.

हाड जुळायला महिने लागतात आणि निकोटीन त्यात अडथळा आणते. आपल्याकडे ‘धूम्रपान करता का’ एवढेच विचारले जाते. मशेरी लावणारी आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, तंबाखू मळणारा हमालही. प्रश्न नीट विचारला तर उत्तर नीट मिळेल.

या परिषदेपुढे तीन सूचना ठेवल्या जात आहेत. पहिली, संमतीपत्रासोबत एक पानभर मराठी मजकूर द्यावा : नस दबली आहे की रज्जू, ऑपरेशन न केल्यास काय, केल्यास काय सुटेल आणि काय राहील, कामावर कधी. दुसरी, मज्जारज्जूच्या प्रत्येक रुग्णाची 18 गुणांच्या प्रचलित मोजपट्टीवर शस्त्रक्रियेआधी आणि वर्षानंतर नोंद व्हावी, मग ऑपरेशन मोठ्या खासगी रुग्णालयात झालेले असो वा जिल्हा रुग्णालयात. तिसरी, मुठीच्या उघडमिटीची तपासणी ग्रामीण डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यापर्यंत पोहोचवावी. सोबत एक इशाराही पोहोचावा : केशकर्तनालयात मालिश करताना मान कडकन मोडून घेणे मानेतल्या रक्तवाहिन्यांसाठी आणि दबलेल्या रज्जूसाठी धोक्याचे आहे.

पहिल्या सूचनेचा कच्चा मसुदा नोंदणी कक्षाबाहेर ठेवला आहे. त्यात परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी आधी खुणा कराव्यात, शल्यविशारदांनी नंतर. उद्या दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होऊन मतदान घ्यावे, एवढी विनंती करून आजच्या पहिल्या वक्त्यांना व्यासपीठावर आमंत्रित करण्यात येत आहे.