पाठांतर, प्रश्न आणि प्रीती
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



शिकविण्याच्या निरनिराळ्या पद्धती व त्यांचा वर्गावर होणारा परिणाम यांविषयी मी चार शब्द बोलावे, अशी आपली इच्छा आहे. हा विषय केवळ शिक्षकांचा, असे कोणी समजू नये. मूल कोणत्या वर्गात बसवावयाचे, हे अखेर आईबापच ठरवितात. आणि त्या वर्गाची पारख आपण बहुधा दोनच गोष्टींवरून करतो. वर्ग शांत आहे काय? मुलास पाठ येते काय? ही पारख पुरेशी आहे काय, एवढाच विचार मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम पाठांतराकडे पाहू. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे व संध्याकाळी सर्वांनी एका सुरात पाढे म्हणावयाचे, अशी रीत होती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही ज्यांच्या मुखी बसली, त्यांना बाजारात कापसाच्या तोलाचा हिशेब करण्यास कागद लागत नसे. हा गुण लहान नव्हे. परंतु एका सुराच्या वर्गात एक मोठा धोका असतो. ज्यास येते तो बोलतो, आणि ज्यास येत नाही तोही ओठ हलवितो. शिक्षकाच्या कानी एकच आवाज पडतो व मागच्या रांगेतील मूल त्या आवाजाच्या आड लपून राहते. त्यात छडीची भर पडली की ते मूल कायमचेच लपते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु उपहासाची छडी कायद्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही.

मग पाठांतर टाकून द्यावे काय? आपल्याच परंपरेतील एक थोर शिक्षक याचे उत्तर देतात. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी लहानांसाठी कोंकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. आणि त्याच लेखणीने त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिले, जे १६१६ साली छापून निघाले. त्यात कथा आहे, शंका आहे, शंकेचे समाधान आहे. ठरलेले प्रश्नोत्तर स्मरणासाठी, व कथा समजुतीसाठी. एकाच गुरूने दोन्ही साधने जवळ ठेविली व दोन्ही वेळा लोकांची भाषा स्वीकारली. स्मरण ही कणगी आहे. तीत दाणा असला तरच तिचा उपयोग.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते व छात्रालयही सांभाळीत. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त कपडे व अंथरुणे नीट लावून ठेवीत. कोणास शब्दाने बोलत नसत. मुलांस आपोआप लाज वाटे व ती स्वतः खोली आवरू लागत. मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिकही काढीत. इटलीतील संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली लिहून ठेविलेली शिक्षणदृष्टी याहून फार निराळी नाही: दोष घडल्यावर दंड करण्यापेक्षा शिक्षकाने प्रेमाने मुलांच्या मध्ये राहावे, म्हणजे दोषास अवसरच उरत नाही. या पद्धतीस वेळ लागतो हे खरे. साठ मुलांच्या वर्गात एकेकाजवळ पोहोचणे कोणासही कठीण. म्हणूनच कायद्याने प्राथमिक वर्गांत सामान्यतः तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरविले आहे. पालकांनी शाळेच्या इमारतीआधी ही संख्या विचारावी.

व्याख्यानाची पद्धतही याच भूमीत शोभून दिसली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, व तेथेच बंदिवान असलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणारे प्रौढ होते, स्वेच्छेने बसले होते, आणि एकाचा हात तर सारखा चालू होता. आठ वर्षांच्या बालकास मात्र हातात काही काम न देता तासभर ऐकत बसविणे म्हणजे त्यास बंदिवान करणेच होय.

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरांत अहिराणी बोलली जाते. रावेर-यावलकडे लेवा बोली, तर शिरपूर व चोपडा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पावरी. मुलाने वर्गात ‘इथे’ न म्हणता ‘आठे’ म्हटले आणि वर्ग हसला, तर ते मूल पुढे बोलत नाही. शिक्षकास वाटते, यास बुद्धी नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत. तरी घरच्या बोलीत त्यांनी रचलेली गाणी आज शाळांतून शिकविली जातात. बोली अडाणी नसते. तिच्या पायरीवर उभे राहूनच प्रमाण मराठीच्या घरात शिरावयाचे असते, आणि ती पायरी शिक्षकाने राखली, की त्याची पद्धत कोणतीही असो, मूल तोंड उघडते.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. पाठांतर असावे, गोष्ट असावी, हाताला काम असावे. प्रसंग पाहून शिक्षकाने निवड करावी. मात्र वर्गाची पारख मागच्या रांगेवरून व्हावी. तेथील मूल ‘मला समजले नाही’ असे निर्भयपणे म्हणू शकते काय? म्हणत असेल तर तो वर्ग चांगला, मग तो थोडा गलबल्याचा का असेना. आणि मायबाप हो, मूल घरी आले म्हणजे ‘काय पाठ केलेस?’ याबरोबर ‘आज काय विचारलेस?’ हेही विचारीत जा.

आपल्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गासही हेच लागू आहे. प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपणां सर्वांस तोंडपाठ आहे, व असावी. परंतु संत लूक सांगतात की, शिष्यांपैकी एकाने ‘आम्हांस प्रार्थना करावयास शिकवा’ अशी विनंती केली, तेव्हा प्रभूने ती शिकविली. जे आज आपण पाठ म्हणतो, ते एका शिष्याने धीर करून विचारल्यामुळे मिळाले. तो धीर आपल्या मुलांस लाभो, हीच या महोत्सवाच्या दिवशी प्रार्थना.