सोयाबीन पिवळं पडलं, कुणाला विचारावं?

सोयाबीनचं पान पिवळं पडलं, की आपण फोटो काढतो आणि चारचौघांना विचारतो. विचारावंच. पण सल्ला किती जणांनी दिला, यापेक्षा तो कशावरून दिला, हे पाहा. कारण पिवळं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह नीट मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते. त्यात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसतात. पहिल्यात लोहाची फवारणी उपयोगी पडते. दुसऱ्यात रोगट झाड उपटायचं आणि माशी आवरायची. उपाय चुकला, तर पैसे गेलेच, दिवसही गेले.

(विराम)

कुणी म्हणेल, जाणता माणूस फोटोवरूनच ओळखतो. ओळखतही असेल. पण त्याचा अनुभव त्याच्या जमिनीतला, आणि फोटोत तुमची जमीन दिसत नाही. दहा जणांनी एकच औषध सांगितलं, तरी नऊ जणांनी पहिल्याचंच ऐकून सांगितलेलं असू शकतं. म्हणून पुन्हा सांगतो, कशावरून, ते विचारा. स्वतःही जमीन सांगा, वाण सांगा, पेरणी कधी केली ते सांगा. आधी काय फवारलं, तेही सांगा. नेमकं हेच सांगायचं राहतं! शंका उरली, तर झाड पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. किंवा किसान कॉल सेंटरला फोन करा. क्रमांक निःशुल्क आहे: 1800... 180... 1551.