मल्हारगंजातून पाहिलेले इंदूर

मोठे शहर प्रथमच पाहावयाचे, आणि तेही वडीलधाऱ्यांवाचून, केवळ मैत्रिणींच्या संगतीने, हा योग आयुष्यात एकदाच येतो. पुढे अनेक शहरे पाहिली जातात. पण त्या पहिल्या शहराची गल्ली न् गल्ली जशी ध्यानात राहते तशी इतरांची राहत नाही. निमाड-खानदेशातील पुष्कळ मुलामुलींच्या बाबतीत हे पहिले शहर म्हणजे इंदूर होय.

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या चार मैत्रिणींचेच उदाहरण घ्यावे. शनिवारी पहाटे निघावयाचे आणि रविवारी रात्री परतावयाचे, एवढाच बेत. पण तो घरी मांडण्यास त्यांना पंधरा दिवस लागले. अखेर संमती मिळाली ती एका अटीवर. चौघींपैकी एकीची मावशी मल्हारगंजात राहते. मुक्काम तिच्याकडेच झाला पाहिजे, आणि दिवेलागणीनंतर तिला विचारल्यावाचून कोणी घराबाहेर पडता कामा नये. मुली हिरमुसल्या. स्टेशनाजवळच्या एखाद्या लॉजमध्ये उतरावे, वाटेल तेव्हा यावे-जावे, असे त्यांच्या मनात होते. वस्तुतः त्यांची सहल साधली ती या अटीमुळेच.

(ज्या गावी १६३१ साली मुमताजमहालने देह ठेवला, त्या गावच्या या मुली. आपल्या गावचा शाही किल्ला त्यांनी शाळेच्या सहलीत एकदा पाहिला तेवढाच. परगावच्या राजवाड्यासाठी मात्र पहाटे चारला उठावयाची तयारी! पण हे सर्वत्र असेच चालते.)

पूर्वी खांडव्याहून इंदुरास लहान रुळांची आगगाडी जात असे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन तो मार्ग करविला होता. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी महूच्या घाटातील तिची नित्याची वाहतूक २०२३ साली थांबली. तेव्हा मुली बसने निघाल्या, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून घाट चढून आल्या. निघण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. चौघींनी सारखी वर्गणी काढून ती एका पाकिटात ठेवली आणि पाकीट जिच्या घरची सर्वांत ओढगस्त तिच्या हाती दिले. दोन दिवसांचा सर्व खर्च त्या पाकिटातूनच व्हावयाचा होता. त्यामुळे ‘मला नको, मला भूक नाही’ असे खोटे बोलण्याची पाळी कोणावरही आली नाही.

मल्हारगंज हा जुन्या इंदूरचा पश्चिमेकडील भाग. मल्हारराव होळकरांचे नाव लावणारा. रस्ते अरुंद, घरे एकमेकांना खेटून, आणि सकाळी पोहे-जिलेबीच्या दुकानांपुढे उभ्यानेच न्याहारी उरकणारी माणसे. मावशींनी मुलींच्या हातातील यादी पाहिली. राजवाडा, काचमंदिर, छप्पन दुकान, सराफा, लालबाग. रिक्षाचा विचार त्यांनी मोडीत काढला. “पायाला काय झालंय? चाला माझ्याबरोबर,” म्हणाल्या.

आधी बडा गणपती. सुमारे पंचवीस फुटांची ती बैठी मूर्ती पाहताना मुलींच्या माना मागे गेल्या. वाटेत मावशींनी टोरी कॉर्नर दाखविला. रंगपंचमीला राजवाड्याकडे ज्या मोठमोठ्या गेरी निघतात त्यांतील एक येथून निघते. यादीत हे ठिकाण नव्हते. पुढे इतवारियातील काचमंदिर लागले. भिंती, खांब, छत, पायाखालची जमीन, जेथे पाहावे तेथे काच; एका समईच्या शंभर समया होतात. हे मंदिर शेठ हुकुमचंदांनी बांधविले, एवढे यादीत होते. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली आणि थकलेल्या देण्याचे पैसे कामगारांच्या हाती पडू लागण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला, हे मावशींनी सांगितले. कारण त्यांचे यजमान त्याच गिरणीत होते. बत्तीस वर्षे! मंदिरातून बाहेर पडल्यावर काही वेळ मुली बोलल्या नाहीत.

अशा वाटेने आले म्हणजे राजवाडा एकाएकी समोर येतो. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. इंदूर ही होळकरांची राजधानी झाली ती १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. त्यापूर्वीच, १८०१ साली, शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी शहर लुटून वाड्याला आग लावली होती. १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा पेटला आणि मागचा बराच भाग भस्मसात झाला. मावशी तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या. मल्हारगंजातील गच्चीवरून तो धूर त्यांनी पाहिला होता. आज जी दर्शनी बाजू लोक पाहतात ती जळिताला पुरून उरलेली आहे, हे ध्यानी घेऊन पाहिले तर पाहणे निराळे होते.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहून सर्वजणी घरी परतल्या, आणि सायंकाळी खरा पेच उभा राहिला. सराफ्याला जावयाचे होते. अट होती दिवेलागणीची. मुली सहा वाजताच निघण्यास सज्ज झाल्या. “आत्ता जाऊन काय करता पोरींनो? आत्ता तर तिथे सराफ बसून राहिले आहेत,” मावशी इंदुरी मराठीत म्हणाल्या. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावाचून तेथे खाण्याची दुकाने लागत नाहीत, रंग भरतो तो नऊनंतर. बुऱ्हाणपूरला फोन झाला. पलीकडे बराच वेळ स्तब्धता होती. मावशींनी स्वतःच तोड काढली: शाल पांघरली आणि मुलींच्या पुढे चालू लागल्या. भुट्ट्याचा कीस, तळलेला गराडू, दुधाची दाट गोड शिकंजी. कोठे काय खावे आणि कोठे केवळ पाहून पुढे जावे, हे त्यांच्याइतके कोण सांगणार? रात्री साडेअकराला पाचही जणी घरी चालत आल्या.

रविवारी मात्र मतभेद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. एकीला मिस्सेसाठी लाल चर्चला जावयाचे होते, तिच्याबरोबर एक गेली. उरलेल्या दोघी लालबागला गेल्या. १८८६ ते १९२१ एवढा काळ बांधला गेलेला तो महाल संगमरवराने आणि झुंबरांनी नटलेला आहे. त्याची लोखंडी दारे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दारांवरून विलायतेत ओतवून आणलेली. महाल सुंदर आहे यात शंका नाही. तथापि आदल्या दिवशी जळका राजवाडा पाहून आलेल्या त्या दोघी येथे फार रेंगाळल्या नाहीत. छप्पन दुकान राहूनच गेले.

दुपारी बसची वेळ झाली तेव्हा पाकिटात थोडे पैसे शिल्लक होते. ते वाटून घ्यावेत की काय यावर थोडी चर्चा झाली. मग पाकीट सांभाळणारीने मल्हारगंजातीलच एका दुकानातून लवंगाची शेव घेतली, चार घरांसाठी चार सारख्या पुड्या, आणि पाचवी मावशींच्या ओट्यावर न सांगता ठेवून दिली.