पथारीवरून स्वागत



संमेलनाचा स्वागताध्यक्ष कुणाला करायचं, याचे आपल्याकडे ठरलेले संकेत आहेत. आमदार, नाहीतर कारखान्याचे चेअरमन. आयोजकांनी या वेळी मिरचीचा व्यापारी पकडला. मला कॅमेऱ्यातलं फारसं कळत नाही, पण कॅमेरेवाले मात्र चांगले ठाऊक आहेत. ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागली की आमच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतो त्या मैदानावर, आधी भाव विचारणारा येतो आणि त्याच्या पाठोपाठ ड्रोनवाला.

वरून घेतलेलं ते चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. दूरवर लाल जमीन, तिच्यावर रंगीत ठिपके, आणि ठिपके म्हणजे कामाच्या बायका. चित्र देखणं असतं. मीही एक फ्रेम करून दुकानात लावलंय. पण अशी चार चित्रं शेजारी ठेवली तर त्यातलं नंदुरबारचं कुठलं आणि आंध्रातल्या गुंटूरचं कुठलं, हे माझ्यासारख्या व्यापाऱ्यालाही सांगता यायचं नाही. ड्रोन डोक्यावर आला की आमच्या बायका आधी पदर सारखा करतात, मग त्याला शिव्या घालतात. हे दोन्ही चित्रात येत नाही.

मित्रहो, एकदा खाली बसून बघा. देठ खुडणाऱ्या बाईच्या उंचीवर. तिनं नाकातोंडावर फडकं बांधलेलं असतं. ऊन चढलं की ठसका सुरू होतो. एकीला लागला की सगळ्या रांगेला लागतो, पण बोटं थांबत नाहीत. त्या बोटांची आग घरी जाऊन हात धुतल्यावरही जात नाही, आणि तान्हं मूल असलेल्या बाईला तर मुलाला हात लावताना विचार करावा लागतो. अशात पश्चिमेकडून ढग आला की सगळ्या माना एकदम वर होतात. अवकाळीचे चार थेंब पडले तरी पथारीवरचा माल डागतो आणि हंगामाचा हिशेब फिरतो. निसर्गचित्रात आकाश बहुतेक वेळा मागचा पडदा म्हणून येतं. पथारीवर ते व्यवहारातला भागीदार असतं. त्या घटकेला मालकाचा चेहरा टिपण्याजोगा असतो. माझा टिपलात तरी माझी हरकत नाही.

या संमेलनाचा विषय निसर्ग आणि प्रवास छायाचित्रणातली नवी नजर असा आहे. त्यावर तज्ज्ञ बोलतीलच. स्वागताध्यक्षानं आपल्या मुलखाची ओळख करून द्यायची असते, म्हणून मी आमच्या खान्देशातल्या दोन माणसांबद्दल बोलतो.

पहिला रॉबर्ट गिल. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर त्यानं कॅमेराही हाती घेतलेला होता, आणि लेणी, देवळं, आसपासचा मुलूख यांची त्यानं घेतलेली छायाचित्रं १८६४ साली पुस्तकरूपानं निघाली. पुढे आयुष्य त्यानं याच भागात काढलं. १८७९ साली तो गेला. त्याची कबर भुसावळात आहे. दुसरे आमचे चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस. इंग्लंडमध्ये शिकले, देशोदेशी फिरले, १९३८ च्या सुमारास परतले, आणि मग १९८९ मध्ये निधन होईपर्यंत स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, हवा तसा उजेड पाडायचा आणि त्यातून छायाचित्रात अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची कला. प्रवास छायाचित्रणाच्या संमेलनात घर न सोडणाऱ्या माणसाचं नाव घेणं थोडं चमत्कारिक वाटेल. पण हे दोघेही एका जागी ठाण मांडून बसले आणि त्यातूनच त्यांना दिसलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नवी जागा शोधत धावणाऱ्याला जुनीच चित्रं मिळतात, असं माझं व्यापाऱ्याचं मत आहे. तुम्ही ते खोडून काढायला मोकळे आहात.

आता नंदुरबार जिल्ह्याकडे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. खाली तापी, वर नर्मदा, मध्ये सातपुडा. पाहुणे ठरलेल्या ठिकाणी जातात. तोरणमाळला पावसाळ्यात, यशवंत तलाव आणि सीताखाई. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. नवापूर स्टेशनावरचं ते बाकडं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. यात वाईट काही नाही. पण तोरणमाळचं धुकं उतरल्यावर, पानं गळाल्यावर या म्हणजे डोंगराची हाडं दिसतात. यात्रेत उभा घोडा सोडा आणि त्याचा जबडा उघडून दात पाहणाऱ्या म्हाताऱ्याकडे वळा. घोड्याचं वय तिथं कळतं.

खरी अडचण वर डोंगरात, अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत येते. तिथलं गाव फ्रेममध्ये मावत नाही. पाड्यातलं एक घर या टेकडीवर, दुसरं ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, शाळा तिसऱ्याच उतारावर. लोक एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक मारतात आणि हाक पोचते. लेन्स कितीही रुंद लावा, गाव येत नाही; ते चालूनच पुरं करावं लागतं. एका चित्रात गाव बसवण्याचा हट्ट सोडला, पाच-सात चित्रांची वाट केली, तर काही हाती लागेल असं मला वाटतं. एप्रिल-मेमध्ये याल तर धडगावकडे कैऱ्यांच्या फोडी आमचुरासाठी उन्हात वाळत असतात, अंगणात, खडकावर, छपरावर. उन्हाळ्यातला सातपुडा रुक्ष म्हणून कुणी येत नाही, आणि तिथली सगळी लगबग नेमकी तेव्हाच असते. मोहाची फुलं वेचायला बायका-पोरं उजाडायच्या आत झाडाखाली पोचलेली असतात. तुम्हाला जो सोनेरी उजेड हवा असतो, तो होईपर्यंत त्यांची अर्धी टोपली भरलेली असते.

नर्मदेकाठी उतराल तेव्हा मात्र जरा थांबा. डोंगरांच्या कुशीत शिरलेलं निळं पाणी, त्यातून जाणारी होडी, पाहणारा हरखतोच. ते सरदार सरोवराचं फुगवट्याचं पाणी आहे. धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि पुढे पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत चढलं. मणिबेलीपासून वरपर्यंत आमच्या जिल्ह्यातली ३३ गावं बुडिताची. तुम्ही जिथं होडी टिपता, तिच्याखाली कुणाचं तरी शेत आहे, आणि होडीतला माणूस बहुधा बाजाराला किंवा दवाखान्याला निघालाय. नर्मदेत आमच्याकडे तरंगता दवाखाना चालला, तो हौसेनं नव्हे. पाणी उतरल्यावर काठाच्या डोंगरांना उघडा पट्टा दिसतो, तो तुमच्या चित्रातून कापू नका एवढंच मागणं. आणि खाली ओळ लिहिताना त्याला नुसतं ‘स्वर्गीय’ म्हणू नका.

होळी जवळ आलीय, तुमच्यापैकी अनेकजण काठी गावच्या राजवाडी होळीला थांबणार आहात. बावा-बुध्याचं सोंग घेणारे, अंगावर ठिपके रंगवलेले, कमरेला भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप असलेले नाचणारे तुम्हाला दिसतील. ती वेशभूषा नाही. त्यांनी पालनी पाळलेली असते: खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. त्यांना ‘जरा इकडे बघा, पुन्हा एकदा उडी मारा’ असं सांगणं म्हणजे देवळात पूजा चालू असताना पुजाऱ्याला मान वळवायला लावणं. होळी पेटते पहाटे. तिथं जाळाचाच उजेड पुरेसा असतो. फ्लॅश आणि एलईडीच्या पट्ट्या गाडीतच राहू द्या.

शेवटी एक मागणं. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. त्या दिवशी गावात देशभरचे कॅमेरे होते. आजही डोंगरातल्या कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक फोटो आधार कार्डावरचाच सापडतो. म्हणजे या जिल्ह्याचे फोटो जगभर फिरतात आणि फोटोतल्या माणसाच्या घरात नसतात. उद्या धडगावकडे जाणाऱ्या गाड्यांत आयोजक प्रत्येकाला एक वही देणार आहेत. ज्याचा फोटो काढाल त्याला आधी विचारा, त्याचं नाव, पाडा आणि गाव वहीत लिहा, आणि परत गेल्यावर कागदावर छापलेली एक प्रत आयोजकांच्या पत्त्यावर पाठवा. पाड्यापर्यंत ती पोचवायची जबाबदारी स्वागत समितीची. छपाईचा खर्च परवडत नसेल तर फाइल पाठवा, प्रती आम्ही काढू.