विश्वासाला लेखाची जोड
(ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी ‘लहान व्यवसाय आणि कायद्याचे साहाय्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आज मी वकिली करीत असलो, तरी माझे बालपण शिवणयंत्राच्या खडखडाटातच गेले. तेव्हा कलमे वाचून दाखविण्यापूर्वी माझ्या घरचीच एक हकीकत सांगतो.

माझे वडील आणि चुलते यांनी शिवणकामाचे एक दुकान पंचवीस वर्षे मिळून चालविले. भागीदारीचा लेख कधी झाला नाही. भावाभावांत कागद कसला, अशी दोघांचीही धारणा होती. १९७८ साली त्यांनी एका व्यापाऱ्याला शाळेचे गणवेश शिवून दिले. कापड आमचे आणि मेहनतही आमची. अठरा हजार रुपये येणे राहिले. व्यापारी कधी दिवाळीचा तर कधी होळीचा वायदा करीत गेला. दीड वर्षाने वडील वकिलाकडे गेले, तेव्हा वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, “पेढीची नोंदणी झाली आहे काय?”

१९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे, नोंदणी न झालेल्या पेढीला करारातून उत्पन्न झालेले येणे वसूल करण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. नोंदणीच्या निमित्ताने लेख करावयाचा ठरला आणि लेखात हिस्से लिहिण्याची वेळ आली. तेथेच घोडे अडले. वडील म्हणत, निम्मेनिम्म. काका म्हणत, दुकानाची जागा माझ्या नावाची, म्हणून माझा हिस्सा अधिक. पंचवीस वर्षे जो प्रश्न कोणी काढला नाही, तो नेमका अडचणीच्या वेळी निघाला. मध्यस्थ झाले, बोलाचाली झाली आणि त्यातच आणखी दीड वर्ष सरले. माल दिल्यापासून तीन वर्षांची मुदत उलटली आणि कोर्टाचा दरवाजा बंद झाला. पैसे बुडाल्याचे दुःख वडिलांनी गिळले. परंतु माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला काका-काकू आले नाहीत, हे शल्य त्यांना अखेरपर्यंत राहिले.

या प्रसंगात दोष कोणाचा? माझे वडील प्रामाणिक होते, काकाही प्रामाणिक होते. दोघांच्या आठवणी मात्र निराळ्या होत्या. आपण शिंपी लोक गिऱ्हाइकाचे माप घेतो, ते वहीत लिहून ठेवतो. सख्ख्या मुलाचा सदरा शिवावयाचा असला तरी माप लिहितो. त्यात अविश्वास आहे असे कोणी म्हणत नाही. बेतताना चूक होऊ नये, एवढाच हेतू असतो. भागीदारीच्या लेखाचाही हेतू तोच आहे. म्हणून भांडवल कोणाचे किती, जागा कोणाची, नफ्यातोट्याचा वाटा कसा, एखादा निघून गेला तर हिशेब कसा करावयाचा, हे सर्व प्रेमाचे दिवस असतानाच लिहून ठेवावे आणि पेढीची नोंदणी करून घ्यावी. लेखात निराळे काही ठरविले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, हेही ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट उधारीची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी सामान्यतः तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तोंडी वायद्यांनी ही मुदत वाढत नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने आपले देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा पाठवून त्यावर सही घेण्यास किती श्रम पडतात? आमच्या घरी ती एक सही असती, तर आज मी निराळी हकीकत सांगितली असती.

खात्यात पैसे नसल्यामुळे धनादेश परत आला, तर तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करता येते. भिडेखातर हे दिवस दवडू नयेत.

तिसरी गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांविषयीचा जो कायदा २००६ साली झाला, त्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या दिवशी दिलेच पाहिजेत. आणि ती मुदत लेखी करारानेही पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. यासाठी उद्यम नोंदणी हवी. २०२० पासून ती घरबसल्या होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. शुल्क मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे. माल देऊन झाल्यावर केलेल्या नोंदणीचा उपयोग किती, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून ही नोंदणी पहिल्या ऑर्डरच्या आधी करावी. मात्र तयार कपडे आणून केवळ विकणाऱ्यांना या नोंदणीचा लाभ बँकेच्या कर्जापुरता आहे, वसुलीसाठी नाही. शिवून देणाऱ्यांनी आपले काम नोंदणीत तसेच दाखवावे.

कोणी म्हणेल, वकिलाची फी कोठून आणावी? माझ्या भगिनींना मी मुद्दाम सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, कोर्टकामी विनामूल्य वकील मिळतो. घरी बसून झबली आणि पोलकी शिवणाऱ्या भगिनीने तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे एक अर्ज करावा. शिवाय लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने वाद तेथेच मिटतो.

सरतेशेवटी एक विनंती. आपल्या ज्ञातीत आज वकील आहेत, हिशेबनीस आहेत. आपण मंडळाच्या जागेत महिन्यातून एक रविवार सकाळी बसावे, ज्ञातिबांधवांचे भागीदारीचे लेख, करार आणि उधारीचे उतारे वाचून पाहावे आणि त्यांना योग्य सल्ला द्यावा. पहिल्या रविवारी मी स्वतः येईन. आपणही तंटा झाल्यावर येऊ नका. दुकानाची पाटी रंगविण्याच्या आधी या.

माझे काका १९९६ साली वारले. त्यांच्या मुलाने व मी पुढे एक लहानसा कारखाना काढला. त्याचा भागीदारीचा लेख आम्ही दोघांनी माझ्या वडिलांसमोर वाचून त्यावर सह्या केल्या. वडिलांनी तो कागद हातात घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, “हे आम्ही तेव्हाच करावयास हवे होते.” यापेक्षा अधिक मला काही सांगावयाचे नाही.